लाथेनंतरचा आवाज

“तू बीडचा ना रे? मग तुमच्याकडची बाई लाथ बसल्यावर कशी ओरडते, करून दाखव.”

आमच्या गेम कंपनीचे सर पुण्याहून कॉलवर बोलत होते. स्क्रीनवर चौकोनाचौकोनात सगळी टीम. मी धारूरजवळच्या आमच्या वस्तीवर, पत्र्याच्या खोलीत, मांडीवर कंपनीचा लॅपटॉप घेऊन. मला वाटलं, मस्करी करतायत. हसलो. सर हसले नाहीत. “लाजतोस काय? ओरिजिनल पाहिजे. तुझ्याइतकं ओरिजिनल कोण आहे आपल्याकडे?” मग सगळे हसले.

मी ओरडलो.

गेम टेस्टरचं काम लोकांना कळत नाही. वस्तीवर म्हणतात, पोरगं बसून गेम खेळतंय अन् पगार खातंय. खेळणं कुठलं? गेममधल्या एकाच भिंतीला दिवसभर धडकायचं, भिंत कुठं फाटते ते बघायचं. तेच दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं. सापडलेली चूक लिहायची. गेम संपला की पुढचा मिळेपर्यंत जीव टांगणीला. हे काम सुटलं की हातात ऊस तोडायचा कोयता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ओरडलो.

हा गेम ऊसतोडीचा होता. खेळणारा मुकादम. तोडणारे दमून बसले की त्यांना लाथ घालायची, ते उठतात, ऊस पडतो, गुण वाढतात. त्यात एक जाडी बाई विनोदाला ठेवलेली. लाथ बसली की कोलांटी खाऊन उठायची. तिला आवाज नव्हता. तो माझ्याकडून घेतला.

मी तो कुठून आणला, हे कुणी विचारलं नाही. लहानपणी आई-बापाबरोबर मी उसाच्या फडात असायचो. एकदा आई तापानं फणफणलेली, डोक्यावरची मोळी टाकून खाली बसली. मुकादमानं कमरेत लाथ घातली. बाप तिथंच होता. मान खाली घालून ऊस तोडत राहिला. आईचा तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. कॉलवर घाबरलो तेव्हा तोच तोंडातून आला. दुसरा मला येतच नव्हता.

त्यांनी तो बारीक करून त्या बाईला बसवला आणि तपासायला माझ्याकडंच पाठवला. लाथेनंतर आवाज जरा उशिरा येत होता. मी चूक म्हणून लिहिलं. सरांनी शाबासकी दिली. मला बरंही वाटलं. लाज कुठं गेली होती कुणास ठाऊक.

आमच्या कामात आवाज इअरफोनवर तपासतात, तसा फोनच्या उघड्या स्पीकरवरही तपासावा लागतो. एका दुपारी मी इअरफोन काढले. लाथ. ओरडणं. लाथ. ओरडणं. चुलीपुढून उठून आई दारात आली. हाताला पीठ.

“कोन मारायलंय रे तिला?”

“गेम हाय आई.”

“आसंल. पर मारायलंय कोन?”

माझा अंगठा स्क्रीनवर होता. “मी,” म्हणालो.

पिठाचा हात कमरेला लावून ती जरा उभी राहिली आणि आत गेली. तव्यावरची भाकरी करपली होती.

त्याच दुपारी मी लिहिलं: लाथ घालता येते, ही चूक आहे. लाथ काढा. आवाज माझा आहे, तोही काढा. तिकडून उत्तर आलं: चूक नाही, असंच हवं आहे. आणि त्या चुकीची नोंद बंद केली. बंद केलेली नोंद टेस्टरला पुन्हा उघडता येते. मी उघडली. त्यांनी बंद केली. मी पुन्हा उघडली.

संध्याकाळी सर कॉलवर. सगळी टीम हजर.

“टेस्टरनं मत द्यायचं नसतं. चूक शोधायची असते.”

“शोधली, सर.”

“कावून रे येवढा तापलास?” सरांनी माझ्या बोलीची नक्कल केली. टीम हसली. मी बोलायला लागलो, तर त्यांनी तिकडूनच माझा माईक बंद केला. तरी मी बोलत राहिलो. फडातलं, मुकादमाचं, आईच्या तापाचं. माझ्या चौकोनात माझे ओठ हलताना मलाच दिसत होते. ऐकू कुणालाच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप माझा पासवर्ड घेईना.

आता तो गेम वस्तीवरच्या पोरांच्या फोनवर आहे. लाथ घालतात, खदाखदा हसतात. त्यांना कोणत्या तोंडानं रागवू? आई अंगणात ज्वारी निवडत बसलेली असते. आवाज आला की तिचा हात थांबतो. मला काही करता येत नाही.

मी कंपनीला रोज लिहितो. आवाज माझा आहे, काढा. उत्तर येत नाही. हंगाम सुरू झाला की मला फडात जावं लागणार. जाईन. तिथूनही लिहीन.

पण आज आधी आईपुढं बसणार आहे. तो आवाज कुणी दिला, कुठून आणला, सगळं तिला सांगणार आहे. ती तोंड फिरवेल, फिरवू दे. त्यानंतर कंपनीला जे लिहीन त्यात ‘माझा’ हा शब्द नसेल. एवढंच असेल: आवाज आईचा आहे. तो द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि घ्यायचा तुम्हाला नव्हता. काढा.