मामाजींना सोबत म्हणून

बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथं सूत तयार होतं, आणि ते सूत कुठल्या गाडीतून कुठं जाणार हे ठरवणं माझ्याकडे आहे. हे सगळं बसून ठरवायचं असतं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, तिथं खुर्चीवर बसायचं, संध्याकाळी पुन्हा बसमध्ये आणि घरी आलं की सोफ्यावर. पन्नाशी जवळ आली तोवर माझं पोट माझ्या आधी दारातून आत यायला लागलं होतं.

कंपनीत दरवर्षी तपासणी होते. त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या, "शुगर काठावर आहे. लिव्हरवर चरबी दिसते. बीपीही वर सरकतंय. सध्या गोळी देत नाही. पण रोज चाला आणि रोज फळं खा. ज्यूस नाही बरं का, फळं."

त्याच संध्याकाळी मी चालायचे बूट घेतले. येताना पपई, सफरचंदं आणि पेरूही आणले. बूट घालून तीन-चार सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, मग थंडी पडली. पपई फ्रिजमध्ये मऊ पडली. सफरचंदांचा बायकोने साखर घालून मिल्कशेक केला, तो मी दोन ग्लास प्यायलो आणि फळं खाल्ल्याचं समाधान मानून घेतलं.

डिसेंबरात माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. पारशिवनीला त्यांचं कापडाचं दुकान आहे, आता ते माझा मेहुणा बघतो. पंचाहत्तरीचा माणूस, अंगाने काटक, ताठ. आमच्या दोघांत एक अडचण कायम होती. मी जावई, म्हणून ते मला काही काम सांगत नसत. ते सासरे, म्हणून मी त्यांना कशालाच नाही म्हणू शकत नसे. त्यामुळे लग्नाला वीस वर्षं होऊनही आमचं बोलणं "जेवले का?" आणि "हो, तुम्ही?" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. काही दिवसांनी दाखवायला नेलं तेव्हा मामाजींनी आपला एकच प्रश्न विचारला, "फिरून आलो तं चालते का?" डॉक्टर म्हणाले, "चालते. पण काळा चष्मा लावून, आणि सोबत कोणी असू द्या."

यातला पुढचा अर्धा भाग मामाजींनी ऐकलाच नसावा. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाची कडी वाजली आणि बायको धावत बाहेर गेली. मला अंथरुणातून सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, कुठं चालले?"

"फिरून येतो वं. पडून पडून पाठ दुखून राहिली."

"एकटे? अंधारात? काळा चष्मा लावून? थांबा तिथंच."

मग ती आत आली आणि माझी चादर ओढली. "अहो, उठा नं. बाबा एकटे चालले."

मी डोळे चोळत बाहेर आलो तर मामाजी स्वेटर, मफलर आणि काळा चष्मा अशा थाटात उभे. मला बघून बिचारे ओशाळले. "जवाईबापू, तुमी कायले उठले? झोपा तुमी. मी येतो नं जाऊन."

"नाही मामाजी, मी येणारच होतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आम्ही शहरात, मानेवाडा भागात राहतो. आमच्या गल्लीतून रिंग रोडच्या अलीकडे एक मोठं मैदान लागतं. त्याच्या कडेने चालायचा रस्ता केलेला आहे आणि एका कोपऱ्यात हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रं बसवलेली आहेत. त्या पहिल्या सकाळी मैदानापर्यंत पोहोचेतोवरच मला धाप लागली. मामाजी मात्र पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच पुढचा टाकत होते. दर थोड्या वेळाने ते थांबायचे, चष्मा सारखा करायचे, एखाद्या झाडाकडे मान वर करून म्हणायचे, "हे कडुनिंबच होय नं?" मग पुन्हा निघायचे. लागोपाठ तिसऱ्या कडुनिंबाला तोच प्रश्न आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कडुनिंब ओळखू येत नव्हता असं नाही. जावयाला दम खाऊ द्यायचा होता, आणि तसं तोंडावर म्हणायचं नव्हतं.

चौथ्या झाडाला मीच म्हणालो, "मामाजी, हाही कडुनिंबच." ते हसले. मीही हसलो. एकमेकांबरोबर असे मोकळे हसलो ते बहुधा पहिल्यांदाच.

मग रोजचंच झालं. मामाजींची एक सवय होती, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायची. कुणाला "जय भीम", कुणाला "राम राम", आणि नुसतं बघून अंदाज आला नाही तर दोन्ही. शहरातली माणसं आधी दचकली. एक तरुण मुलगी कानातला इयरफोन काढून "काय म्हणालात?" विचारून गेली. पण आठवडा उलटायच्या आत अख्खं मैदान त्यांना ओळखायला लागलं. मी इतकी वर्षं त्या वस्तीत राहतो आणि मला फक्त दूधवाला ओळखत होता.

व्यायामाच्या यंत्रांपैकी त्यांना ते झुलणारं यंत्र आवडलं, ज्यावर उभं राहून पाय हवेत मागेपुढे करायचे असतात. डोळ्याला धक्का बसेल म्हणून आधी मी नको म्हणालो. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी महिनाभर थांबायला सांगितलं. मग मामाजींनी ते यंत्र मला दिलं. "तुमी चढा, मी पायतो." मी चढलो. ते खाली उभे राहून, दुकानात गिऱ्हाईक साडी निवडताना बघावं तसं, कौतुकाने बघत राहिले.

परतताना चौकात फळांचा ठेला लागायचा. त्याच्या शेजारीच ज्यूसवाला. पहिल्यांदा मी सवयीने दोन ग्लास संत्र्याचा रस सांगायला गेलो. मामाजींनी माझ्या दंडाला हात लावला.

"जवाईबापू, राग नका मानू. पण दात आहेत नं तुमचे?"

"आहेत."

"मंग कायले पेता? माहे अर्धे गेले, तरी मी सोलून खातो."

आम्ही संत्री घेतली आणि मैदानाच्या कट्ट्यावर परत जाऊन बसलो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला येणारी संत्री, साल सैल, नखाने सुटणारी. मामाजी एकेक फोड तोंडात टाकून सावकाश चावत, बिया तळहातावर काढत. रसाचा ग्लास मी एका दमात रिकामा केला असता. इथं दोन संत्री संपेतोवर गप्पांचा एक अख्खा विषय बोलून झाला. डॉक्टरीणबाई "ज्यूस नाही, फळं" का म्हणाल्या ते मला तिथं कळलं. सोलत, चावत खाल्लं की पोट भरतं, आणि भरल्याचं आपल्यालाही कळतं. घरी गेल्यावर माझा हात डब्यातल्या शेवेकडे गेला नाही, हे माझ्या आधी बायकोच्या लक्षात आलं.

मामाजींचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. हिवाळ्यात केळं खाल्लं की छातीत कफ होतो यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. पपई त्यांच्या लेखी बिमाराचं खाणं. "बाबा, डॉक्टर पपई चांगली म्हणतात," असं बायकोने सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणनच. बिमार लोकायसंगच राहते तो." घरातली केळी आणि पपई मग माझ्या वाट्याला यायची, आणि पेरू-बोरं त्यांच्या. पेरू ते मीठ-तिखट लावून, पातळ फोडी करून खात. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आलो की ताटलीत माझ्यासाठी चार फोडी झाकून ठेवलेल्या असत. आधी त्या वेळेला मी चौकात समोसा खाऊन येत असे. चार फोडी घरी वाट बघतायत म्हटल्यावर समोसा घशाखाली उतरेना.

एका रविवारी मात्र घोळ झाला. मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, हवा गार होती, आणि रस्त्यापलीकडच्या हातगाडीवरून तर्री-पोह्यांचा वास सुटला होता. मी मन घट्ट करून सरळ चालत होतो. मामाजी हळू झाले.

"जवाईबापू, पोटी तं वाट पाहत असन घरी?"

पोटी म्हणजे माझी बायको.

"असेल," मी म्हणालो.

"एक पलेट घेऊ का? दोघांत?"

दोघांत एक म्हणता म्हणता दोन झाल्या. झणझणीत तर्री, त्यात चणे, वरून कांदा. मामाजींच्या काळ्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं तशी माझी भीतीने गाळण उडाली. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! मी रुमाल पुढे केला. ते म्हणाले, "तो डोळा नाही, हा चांगला डोळा रडून राहिला," आणि पुढचा घास घेतला.

आम्ही घरी पोहोचलो. बायकोने दार उघडलं, बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामाजींच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तर्रीचा लाल थेंब होता.

"बाबा, हे काय होय?"

"संत्र्याचा रस होय वं."

"लाल संत्रं?"

मी हसू दाबायला आत पळालो. तिने आधी बापाला झापलं, मग मला. "तुमाले सोबत म्हणून पाठवलं होतं. तुमीच सामील!" पण संध्याकाळी तिनेच फोनवर आपल्या भावाला हा किस्सा सांगितला, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

दहा दिवसांसाठी आलेले मामाजी दीड महिना राहिले. डोळा पक्का झाला, नवा चष्मा आला, आणि मेहुणा त्यांना घ्यायला आला. मामाजींना झुलणाऱ्या यंत्रावर एकदा चढून बघायचं होतं म्हणून निघायच्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम मैदानावर गेलो. दांडा घट्ट धरून ते झुलले, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे घर शांत होतं. मी जागा होतो, पण उठायला कारण नव्हतं. तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या पायात बूट होते, नवेकोरे. कधी घेतले मला माहीत नव्हतं.

"चलता का?" ती म्हणाली.

"डब्याचं?"

"भाजी रात्रीच चिरून ठेवली. पोळ्या आल्यावर करू. कणीक तुमी मळा."

त्या दिवसापासून कणीक मी मळतो. मैदानावर लोक विचारायचे, "बाबा कुठं गेले?" आणि आम्ही सांगायचो. बायको माझ्यापेक्षा भरभर चालते. सकाळच्या त्या वेळात ती मला जे जे सांगते, ते इतक्या वर्षांत घरात कधी बोलायला सवडच झाली नव्हती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून भुवया उंचावल्या. शुगर काठावरून मागे आली होती, बीपी ठीक, वजन उतरलेलं. लिव्हरचं अजून थोडं बाकी होतं. "छान! काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"सासरे राहायला आले होते," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मी सगळं सांगितलं, तर्री-पोह्यांसकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. पण चालणं सोडू नका."

संध्याकाळी घरी येऊन मी पारशिवनीला फोन लावला आणि मामाजींना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांना आकडे फारसे कळले नसावेत, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "जवाईबापू, इकडे बोरं पिकली आहेत. रविवारी दोघं या. मस्त फिरू."

रविवारी पहाटेच आम्ही निघालो.