अक्का पटनचेरूला उतरली नाही

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आमचं लग्न एका बैठकीत ठरलं होतं आणि घर बांधायची ऐपत नव्हती. पण नुसतं भाड्याचं घर कुठल्या शहरात घ्यावं यावर आम्ही नवराबायको जेवढं भांडलो, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा बंगला उभा राहिला असता.

आम्ही दोघंही कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातले. माझं माहेर हळ्ळीखेड, सासर चिटगुप्पा. हुमनाबादकडून हैदराबादला जाणाऱ्या बस शहरात शिरायच्या आधी पटनचेरूला थांबतात. त्या थांब्यापासून जवळच आम्ही आठ वर्षं राहत होतो. मी औषधांच्या कारखान्यात, तयार गोळ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. नवरा दुसऱ्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. राहायला एक पोर्शन होता. हैदराबादेत घराचा जो भाग भाड्यानं देतात त्याला पोर्शनच म्हणतात. आमच्या पोर्शनमध्ये एकामागं एक दोन खोल्या, पुढं ओटा आणि मागं मोरी, एवढंच होतं.

मग मला पुण्याहून बोलावणं आलं. काम तेच, पद वरचं. इथं आठ वर्षं मी एकाच स्टुलावर बसून गोळ्या पाण्यात विरघळवत होते, आणि माझ्या अहवालावर सही दुसऱ्याची व्हायची. पुण्यात सही माझी होणार होती. मला ती नोकरी हवी होती, हे सरळच सांगते. कुणी नको म्हणालं असतं तर मी महिनाभर धड बोलले नसते.

मग रोज संध्याकाळी मी भाकरी थापायची, त्यानं कांदा चिरायचा आणि दोन शहरांची तुलना चालायची. पुण्याचं भाडं दुप्पट. वर डिपॉझिट, सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. पटनचेरूला घरमालक वरच्याच मजल्यावर राहायचे, बोअरला पाणी होतं, आणि भाडं चार दिवस पुढंमागं झालं तर म्हातारे 'होता है बेटा' म्हणून गप्प बसायचे. नवरा म्हणायचा, वाढलेला पगार पुण्याच्या घरमालकाच्या घशात घालायला कशाला जायचं? हे म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं झालं. मी म्हणायचे, तिकडं पगार पुढं वाढेल, इथं माझं फक्त वय वाढतंय. मध्येच त्यानं बेंगळुरूचं काढलं, राजधानी आपली म्हणून. तिथं बरेच घरमालक दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात हे कळलं आणि बेंगळुरू जसं निघालं तसं मिटलं.

माझ्या हिशोबातली एक बाब मात्र त्याला मान्य नव्हती, ती म्हणजे पाहुणे. आमच्याकडचं माणूस हैदराबादेत राहायला लागलं की त्याचं घर त्याचं राहत नाही. हुमनाबाद-चिटगुप्प्याकडं कुणाचं हाड मोडलं, कुणाच्या पोटात गाठ निघाली, की तो बस पकडून पटनचेरूला उतरणार. सोबत दोन माणसं आणि तुरीच्या डाळीची पिशवी. आमच्या पुढच्या खोलीत सदानकदा कुणीतरी रिपोर्टची वाट बघत बसलेलं असायचं. मी चिडायचे आणि चिडत चिडत त्यांचे डबे भरून द्यायचे. हा खर्च हैदराबादच्या भाड्यात धरायचा की नाही? मी म्हणायचे, धरायचा. नवरा म्हणायचा, माणसं कुठं खर्चात धरतात का?

या सगळ्यांत खरा प्रश्न पडावा अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे अक्का, माझी थोरली नणंद. नवरा लहान असतानाच त्याची आई गेली. त्याला अक्कानंच वाढवलं. ती स्वतः विधवा होऊन चिटगुप्प्याला माहेरच्या घरी परत आली होती आणि तिथल्या शाळेत पोरांचा दुपारचा भात शिजवायची. लग्न ठरल्यावर बायकांनी मला नणंदेची काय काय भीती घातली होती. अक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं, तुला काय आवडत न्हाई? मी घाबरत म्हणाले, वांगं. त्या दिवसापासून मी असले की त्या घरात वांगं शिजलं नाही.

साखरेनं तिचे डोळे खाल्ले. शाळेत निवडलेल्या तांदळात खडे राहायला लागले, पोरं ओरडायला लागली, तेव्हा कळलं. डाव्या डोळ्यात तोवर नुसता उजेड आणि सावल्या उरल्या होत्या. उजवा वाचवायचा तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. सोलापूरच्या डॉक्टरांनी हैदराबादचा एक दवाखाना सांगितला. तिथं गरिबाकडून पैसे घेत नाहीत. पुण्यात आम्ही चौकशी केली, तर एका इंजेक्शनला शाळेच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढे पैसे सांगितले. इंजेक्शनं चुकली तर उजवाही जाईल, असं हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

म्हणून ती दर महिन्याला आदल्या दिवशी पटनचेरूला उतरायची. आमच्यापैकी एकजण रजा काढून तिला घेऊन जायचा. इंजेक्शननंतर उजव्या डोळ्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पट्टी, म्हणजे तेवढा वेळ ती जवळजवळ आंधळीच. माझं मनगट धरून चालायची आणि वाटेत काय काय आहे ते विचारत राहायची. गावातल्या बाकी पाहुण्यांवर मी चिडायचे. अक्का आली की मात्र मला घरात कुणीतरी मोठं असल्यासारखं वाटायचं. मी पुण्याला गेले तर हिला कोण नेणार, हे आम्ही रोज विचारायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो.

अशाच एका संध्याकाळी नवऱ्यानं माझी थट्टा केली. "पुण्याला गेलो की तुझी धर्मशाळा बंद बघ. तेवढ्या लांब कोण यायलंय मरायला?" मी हसले. पुढच्या खोलीत अक्का पडली होती. डोळ्यावर पट्टी होती म्हणून आम्ही ती झोपली आहे असं धरून चाललो.

पुढच्या महिन्यात तारखेच्या आधी तिचाच फोन आला. ती सांगत होती, मागच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डोळा सुधारलाय, आता दोन महिने यायची गरज नाही. मागच्या वेळी तिला नवरा घेऊन गेला होता. तो म्हणाला, मी तेव्हा औषधांच्या रांगेत होतो, म्हणाल्या असतील. माझाही विश्वास बसला, कारण तो बसणं सोयीचं होतं. घरात पाहुणा नाही अशी संधी क्वचित यायची. आम्ही दोघांनी रजा काढली आणि पुण्याला घरं बघायला गेलो.

पुण्यात पहिल्या दिवशी पाच घरं बघितली. एका मालकीणबाईंनी आमचं मराठी ऐकून विचारलं, लातूरकडचे का? कर्नाटकातले म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. मग आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगितल्यावर तो फ्लॅट कालच गेलेला निघाला. दुसऱ्या दिवशी एजंटानं हडपसरच्या पुढं एक फ्लॅट दाखवला. चौथा मजला, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आणि ओट्याला चांगला गुळगुळीत दगड. मी त्या ओट्यावरून हात फिरवला आणि मनात भांडी लावून टाकली. मालकही बरा वाटला. एजंट डिपॉझिट कधी देता ते विचारत होता.

तेवढ्यात माझ्या फोनवर दवाखान्याचा मेसेज आला. अक्काच्या केसपेपरवर नंबर माझाच होता. आज आपण उपचारासाठी आलात याबद्दल आभार, आणि पुढची तारीख. मला आधी वाटलं, चुकून आला असेल. मग तारीख बघितली. तिची मूळ तारीख आजचीच होती.

मी तिला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. काय करायलात, विचारलं.

"शाळेतच हाय की. पोरं जेवायलीत," अक्का म्हणाली.

तिच्या मागं हैदराबादच्या मोठ्या बसस्टँडवरची घोषणा चालली होती, तेलुगूत. गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. एकुलत्या एका डोळ्यावर पट्टी बांधून ती बाई त्या गर्दीत उभी होती आणि मला पोरं जेवायलीत म्हणून सांगत होती. खोटं बोलताय म्हणाले असते तर ती तिथल्या तिथं कोलमडली असती. मी एवढंच विचारलं, तुम्ही जेवलात का? ती म्हणाली, जेवले. शेजारी कुणी बाई असेल तर तिच्याकडं जरा फोन द्या, असं मला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात तिनं, भात करपायलाय, म्हणून फोन ठेवला.

नवरा तिथंच जमिनीवर बसला. त्यानं परत फोन लावला तर बंद. एजंट बिचारा आम्हाला पाणी आणायला गेला. चिटगुप्प्याच्या शेजारणीला कळवून आम्ही दोघं त्याच फ्लॅटमध्ये बसून होतो, आणि संध्याकाळी तिचा फोन आला, अक्का घरी पोचलीय, तेव्हा कुठं नवरा रडला. त्याला रडताना मी आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

हैदराबादची तिकिटं काढलेली होती, पण आम्ही सकाळी हुमनाबादलाच उतरलो. वाटेत बोलणं झालं होतं. तो म्हणत होता, तिला पुण्यालाच नेऊ, कर्ज काढू. मी म्हणत होते, तिची शाळा सोडवून तिला चौथ्या मजल्यावर कोंडायचं का? ठरलं काहीच नव्हतं.

चिटगुप्प्याला अक्का दारातच बसली होती. पट्टी काढलेली होती. आम्हाला बघितल्याबरोबर तिनं पदर ओढून उजवा डोळा झाकला, पण त्याच्या आधी मला दिसला होता, लालभडक. नवरा उंबऱ्यातच थबकला. मीच विचारलं, "अक्का, एकट्या कामून गेलात?"

लपवण्यात अर्थ नाही हे तिला कळलं असावं. तिनं सगळं सांगितलं. दवाखान्यात सोबत कोण आहे विचारलं तेव्हा तिनं बाकावरच्या एका अनोळखी बाईकडं बोट दाखवलं, आणि ती बाईही व्हय म्हणाली. त्याच बाईनं तिला रिक्षात बसवून दिलं. स्टँडवर चुकीच्या बसमध्ये चढली, ती जहीराबादपर्यंतच होती. तिथून पुढं कंडक्टरनं हाताला धरून दुसऱ्या गाडीत बसवलं.

"जाताना तुमचा थांबा आला, तवा मान खाली घालून बसले," ती म्हणाली. "कुणी वळखीचं बघंल म्हणून. उतरायची लई सवय लागलीय पायाला. उठायलेच होते."

मग तिनं पदर खाली सोडला आणि माझ्याकडं बघितलं.

"तुमचं अडाया नको म्हणून बघून आले, एकटीला जमतंय का. जमतंय. आता तुमी पुण्याला जावा."

मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे. नोकरी माझ्या हातात होती, पत्र आलेलं होतं, तो ओटा मला अजून दिसत होता. आणि मला ती बाई दिसत होती, बसमध्ये मान खाली घालून बसलेली, आमच्या थांब्यावर.

"पुण्याचं जमलं न्हाई, अक्का," मी म्हणाले. "त्यांनी दुसरीलाच घेतलं."

नवऱ्यानं झटकन माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

अक्काचा चेहरा पडला. खरोखर पडला, तिला माझ्यासाठी वाईट वाटलं. मला ओढून तिनं शेजारी बसवून घेतलं. त्या लोकांना माणसाची पारख नाही, म्हणाली. तू एवढी शिकलीस, आज ना उद्या मिळंल, मन खट्टू करू नको, म्हणाली. मी मान डोलावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते तिला नोकरीचंच वाटलं, आणि थोडं नोकरीचंही होतं.

नवरा चूल पेटवायला उठून आत गेला. मग अक्कानं हळूच, जमिनीकडं बघत विचारलं, "पुढच्या खेपेला कधी बोलवलंय गं? त्या चिठ्ठीवरचं दिसंना मला."

मी तारीख सांगितली.

"मग आदल्या दिशी येते," ती म्हणाली, आणि माझी पुण्याची नोकरी गेली म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.