पित्ताशय गेलं, जबडा अडला

इकडे परदेशात, अ‍ॅशबर्नच्या हॉस्पिटलात माझं पित्ताशय काढलं. पोटावर बारीक भोकं पडली, ती फारशी दुखली नाहीत. दुखला तो जबडा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बायकोने मऊ म्हणून इडली पुढे केली, तर तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. कानापुढे कट्‌कन आवाज झाला आणि डोळ्यांत पाणी आलं.

सर्जनला फोन केला. त्याने विचारलं, "पोट कसं आहे?" पोट उत्तम होतं. मग त्याला माझ्यात रस उरला नाही. त्याने भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना कळवलं, दुपारी त्यांचाच फोन आला.

बाई सरळ बोलल्या. "भूल चढली की जीभ मागे पडते, श्वास अडतो. म्हणून मी तुमचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलून धरला. मग श्वासाची नळी घालायला तोंड चांगलंच ताणावं लागलं. तुमचं तोंड लहान आहे, त्यामुळे जरा खटपट झाली."

"फोन स्पीकरवर आहे," बायको हसू दाबत म्हणाली. "शेवटचं वाक्य परत सांगाल का?"

बाईंनी ते परत सांगितलं. चावायचे स्नायू ताणले गेलेत, शेक द्या, मऊ खा, जांभई आली तर हनुवटी धरून ठेवा, असंही सांगितलं. मला राग आला होता. पण त्यांनी जबडा ओढला नसता तर रागवायला मी उरलो नसतो, हे लक्षात आल्यावर त्यांचे आभारच मानले.

संध्याकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या, चकल्या घेऊन. आमची मुलगी माझ्यासमोरच कुरुमकुरुम खायला बसली.

"डॅड, डझ इट बॉदर यू?"

"हो."

"ओके," म्हणून तिने दुसरी उचलली.

पंधरा दिवस खिमटावर काढले, तरी तोंड पुरतं उघडेना. मग फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिला: जीभ टाळूला लावायची आणि तोंड हळूहळू उघडायचं. मी तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये करायचो, कॅमेरा बंद ठेवून. एकदा कॅमेरा चालूच राहिला. मॅनेजर नव्या डेडलाइनबद्दल बोलत होता, तो थांबला.

"तुला काही म्हणायचंय का?"

तोंड उघडंच होतं, म्हणून मी म्हटलं, "ही डेडलाइन जमणार नाही."

मग एकेक जण म्हणाला, खरंच जमणार नाही. डेडलाइन पुढे ढकलली. त्या आठवड्यात मला भाकरीही चावता आली.