काकूच्या पोटावरचा चुंबक

मंडळी, आजचंच सांगते. आमच्या लॅबमध्ये आम्ही कॅन्सरच्या पेशींत लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडतो आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्राची दिशा झपाट्याने बदलत ठेवतो. कण तापतात, पेशी मरतात. सध्या हे काचेच्या बशीतच चालतं. मागच्या रविवारी काचीगुड्याला काकांकडे जेवताना मी हे सांगितलं होतं.

आज सकाळी काकूला किमोला न्यायला गेले, तर ती पलंगावर आडवी. काका, म्हणजे रिटायर्ड सायन्स मास्तर, शाळेतला जुना नालाकृती चुंबक तिच्या पोटावरून पुढे-मागे फिरवत होते.

“हौ, दिशा बदलत राहायला पाहिजे म्हणालीस ना? लोहाच्या गोळ्या पण चालू केल्या. आता किमो कायको?”

मी सांगितलं, गोळीतलं लोह पोटातल्या गाठीत जाऊन बसत नाही, आणि हाताने फिरवलेल्या चुंबकाने काहीच तापत नाही. मास्तरांना पटलं. त्यांनी स्वतःच ऑटो बोलावली.

किमोहून परतल्यावर काकू डोळे मिटून म्हणाली, “अहो, आणा तो चुंबक. फिरतो तोवर बरं वाटतं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला आत गेले.

तुम्ही असता तर थांबवलं असतं?