टेकडीवरून परत आलेला डबा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. लंडनच्या ईलिंगमध्ये राहते, अकाउंट्सचं काम करते, अमावास्या कधी येते आणि जाते मला पत्ताही नसतो. तेव्हा 'बायकांना काय, काहीही वाटतं' अशी कमेंट टाकणार असाल तर कृपया नको. तसं म्हणणारा एक घरात आहे, तेवढा पुरे.

गोष्ट २००६च्या फेब्रुवारीतली. माझा नवरा समीर तेव्हा ब्रॅकनेलला आयटीत होता. कंपनीने त्याला आठवडाभर जर्मनीतल्या एका छोट्या गावी पाठवलं... दरीत कुलपं-बिजागऱ्यांचे कारखाने आणि चहूबाजूंनी ख्रिसमस ट्रीसारख्या झाडांच्या टेकड्या. सासूबाई, म्हणजे माझ्याही आईच, नागपूरहून आल्या होत्या, म्हणून आम्ही दोघीही गेलो. एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती, छोट्या किचनसकट. भाजणी मी ईलिंगहून नेली होती, अर्थातच.

एका सकाळी समीर कारखान्यात गेल्यावर थालीपिठांचा डबा घेऊन आम्ही टेकडी चढलो. सोपी वाट, बसायला बाकं, वर भुरभुरीत बर्फ. आई वरच्या बाकावर टेकल्या आणि माझ्या लक्षात आलं, हातमोजे खालच्या बाकावर राहिले. ते घेऊन परत येताना वळणावरून स्पष्ट दिसलं — आईंच्या शेजारी एक म्हातारी बाई. डोक्याला रुमाल, निळा एप्रन, त्या थंडीत अंगात कोट नाही. दोघी हसत होत्या. मध्ये चार झाडं आड आली, आणि मी पोचले तर आई एकट्या!

"गावातलीच असेल," आई म्हणाल्या. "थालीपीठ फार आवडलं तिला. डबा धुऊन आणते म्हणाली."

कुठल्या भाषेत, असं विचारलं तर म्हणे खुणांनी, त्यात काय एवढं. मी मात्र बर्फाकडे बघत होते. पावलं फक्त आम्हा दोघींची होती.

संध्याकाळी समीरने सगळं ऐकलं आणि निकाल दिला: आई डबा कुठेतरी विसरली, वय झालंय, परत गेल्यावर जीपीला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखवू. बर्फ कडक असेल, म्हणून ठसे नाहीत. मग आमचे कसे उमटले?

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या खोलीच्या दारात होता. घराला आतून कडी. झाकणावर आईंच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं, म्हणजे डबा आमचाच. स्वच्छ धुतलेला, आणि आत बारीक जांभळी फळं, ताज्या पानांसकट. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत ना, आईंना त्याचंच केवढं कौतुक! घरमालकीण चक्रावून म्हणाली, ही फळं त्यांच्या टेकडीवर होतात, पण जुलैत.

समीर? मूठभर फळं तोंडात टाकून म्हणाला, सुपरमार्केटमधली आहेत. सुपरमार्केटमध्ये पानांसकट?

आईंनी शांतपणे विचारलं, "मी खोटं बोलते का रे?"

"नाही गं. तुला तसं वाटलं असेल."

मीही पाहिलंय म्हटलं, तर मलाही वाटलंच असेल म्हणे. अस्सा राग आला!

ईलिंगला आल्यावर त्याने खरंच आईंना जीपीकडे नेलं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं. तरी हा ऑफिसला जाताना गॅस मेनमधून बंद करून जायचा. वर मला ताकीद, आईला एकटं सोडू नकोस. आईंनी तिकीट बदललं आणि ठरल्याआधीच नागपूरला गेल्या.

ती बाई कोण, फळं कुठून आली, कडी लावलेल्या घरात डबा कसा आला... दोन वर्षं झाली, मला अजून काहीही कळलेलं नाही. पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

गेल्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडल्या. मनगटाला प्लास्टर आहे. मला फोनवर सगळं सांगितलं, समीरशी मात्र थंडी कशी आहे नि जेवलास का, एवढंच. "त्याला सांगू नकोस," मला म्हणाल्या, "पुन्हा माझं डोकं तपासायला निघेल."

समीर, तू हे फोरम चोरून वाचतोस, मला माहीत आहे. आईंना फोन लाव. आणि या वेळी त्या काय सांगतात ते आधी ऐकून घे.