सरांनी मागे घेतलेले नाव

बार्शीहून एम.एस्सी.साठी सोलापुरात आले, तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अंबादाससरांची पहिली भेट झाली. नाव-गाव विचारण्याआधीच त्यांनी बशीतला तांदळाएवढा प्राणी माझ्यापुढे सरकवला. "पाय मोज." मी बारा मोजले. "दोन तुटलेत. तुटलेले पण मोजायचे असतात की," सर म्हणाले.

कुंडीखाली ओलाव्यात राखाडी किडे सापडतात, त्यांचे हे समुद्रातले नातलग; त्यांना समपाद म्हणतात. ध्रुवीय समुद्राच्या तळातून मोहिमांनी आणलेले समपाद ओळखणे, त्यांची वर्गवारी लावणे, नव्या जातींना नावे देणे, हे काम सरांनी सोलापुरात बसून आयुष्यभर केले. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या घराला शेजारच्या यंत्रमागांचे हादरे बसतात. म्हणून बारीक चित्रे ते मागांच्या सुट्टीच्या दिवशी काढतात.

विड्या वळून त्यांना शिकवणाऱ्या आईचे, नरसम्मांचे, नाव सरांनी एका जातीला दिले होते. माझ्या पीएच.डी.च्या वेळी परदेशातून आलेल्या नमुन्यांत एक जोडी निघाली. मादी सरांनी आईचे नाव दिलेल्या जातीची. मीलनासाठी तिला धरून बसलेला नर मात्र दुसऱ्या कुणी आधीच नाव दिलेल्या जातीचा. म्हणजे दोन्ही जाती एकच; नर-मादी दिसायला वेगळे, म्हणून दोन नावे पडली होती. नियमाने जुने नाव टिकणार, नरसम्मांचे जाणार.

आठ दिवस मी सरांना टाळले. शेवटी त्यांनीच विचारले, "काय लपवतीस गं?" मी बशी पुढे केली.

सर बराच वेळ पाहत राहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "बरोबर आहे तुझं. लेख लिही. तुझं नाव आधी घाल."

"पण सर, आईंचं नाव..."

"आईच्या विड्या कधी खराब म्हणून परत यायच्या. ती वाद घालत नव्हती. दुसऱ्या वळायची."

त्या दुपारी सर मला घरी जेवायला घेऊन गेले. भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढे क्षणभर थांबून ते आपल्या घरच्या तेलुगूत काही बोलले. मी अर्थ विचारला नाही.

सरांना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्याबरोबर फोन आला, "समोरच्या घराची पाटी वाचता येतीय. नमुन्यांच्या राहिलेल्या बाटल्या उघडू की. कधी येतीस?"

बाटल्या पुष्कळ आहेत. त्या सगळ्या उघडून होईपर्यंत, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, सरांची नजर स्वच्छ आणि हात स्थिर राहोत. मी रविवारी सोलापूरला निघते आहे.