डिजिटल फळ्याचं पाटीपूजन

डिजिटल फळ्याला मी झेंडूचा हार घातला आणि फळ्याच्या अंगात आलं. ही गोष्ट मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. पण आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

लालबागच्या एका मराठी शाळेत मी सातवीला शिकवतो. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून पाटीपूजन आम्ही आदल्या दिवशी उरकतो. मुलं पाटीवर एकड्यांची सरस्वती काढतात, फूल वाहतात, पेढा खातात. आता पाट्या राहिल्यात कुठे? निम्मा वर्ग पुठ्ठ्यावर काढतो. मी म्हटलं, एवढी मोठी पाटी भिंतीवर टांगलेली असताना पुठ्ठा कशाला? बोटाने तिच्यावर झकास सरस्वती काढली, चौकटीला हळदीकुंकू लावलं आणि दादरच्या फूलबाजारातून आणलेला जाडजूड हार वरून सोडला.

यात थोडा दोष माझ्या वडिलांचा. ते परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दसऱ्याला गिरणीत साच्यांना हार घालायचे आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. फुलांनी झाकलेला त्यांचा साचा मी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलाय. पुढे संप झाला, साचा गेला, पण दसऱ्याला त्यांना काहीतरी पूजायला लागायचंच. वॉचमन झाले तेव्हा बॅटरी पूजली. मधे एक वर्ष हाताला कामच नव्हतं, तेव्हा ते आईच्या शिलाई मशीनला हार घालायला निघाले. आई म्हणाली, “टाका घालायला हात नाय, नि हार घालायला पुढे!”

तर फळा पूजणं माझ्या रक्तातच होतं. फक्त दिवस चुकला.

असा फळा शाळेत एकच होता आणि वरच्या मजल्यावरच्या सेमी-इंग्रजीलाही तो हवा होता. माझा वर्ग तो खरंच वापरतो की नुसता सिनेमा बघतो, हे पाहायला संस्थेचे सेक्रेटरी नेमके त्याच सकाळी येणार होते. नाही पटलं तर फळा दुपारी वर.

दाखवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, पण भारी होती. या भागाचा एक नकाशा, आणि त्यावर चाळीस मुलांनी घरून, आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवरून लावलेली चाळीस टिंबं. आपले आजी-आजोबा कामाला कुठे जायचे तिथे एक टिंब, आणि त्याखाली दोन ओळी. नकाशा सगळ्यांचा एकच असल्याने पहिल्या आठवड्यात रोज मारामाऱ्या. “सर, हिने माझे आजोबा पुसले!” शेवटी नियम केला: दुसऱ्याच्या टिंबाला हात लावायचा नाही, काही विचारायचं असेल तर खाली लिहायचं. मग मुलं एकमेकांना असे प्रश्न विचारायला लागली, जे मला वीस वर्षांत सुचले नव्हते.

सेक्रेटरी आणि मोठ्या बाई आत आले. मी नकाशा उघडला, पंखा लावला. आणि परळ सरकायला लागलं. आधी हळूच, मग धावत. लालबाग गेलं, शिवडी गेली, सगळी मुंबई नखाएवढी झाली आणि क्षणात एका गल्लीवर येऊन आदळली. मी फळा बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

“हे असंच शिकवता?” सेक्रेटरींनी विचारलं.

आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते, स्वतः गिरणीत राबलेले. ते दारातून म्हणाले, “सर, पूजलेली मशीन त्या दिवशी चालवत नाय. गिरणीत पट्टापण फिरत नसे.”

बुडत्याने मामांना धरलं. मी गंभीरपणे म्हणालो, “साहेब, आज पूजा झालीय. आज यंत्राला विश्रांती.”

“मग मी काय सत्यनारायणाला आलोय?”

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. फळा जिना चढताना मला दिसायला लागला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. वरळी कोळीवाड्याची, आई इथल्या बाजारात मासे घेऊन बसते, म्हणून ही आमच्या शाळेत. म्हणाली, “सर, त्याला वाटतंय कुणीतरी बोटं लावतंय. पंख्याने हार हलतोय ना!”

पूजेचा हार काढायचा? मी मामांकडे पाहिलं, मामांनी छताकडे. तिने मात्र फळ्याला हात लावून कपाळाला लावला, बाकावर चढून हार उचलला, आणि जमिनीवर ठेवायचा नसतो म्हणून माझ्या गळ्यात घातला.

“सर,” मामा म्हणाले, “भिंतीला टेकून उभे राहू नका. फोटो वाटतोय.”

वर्ग हसला, सेक्रेटरीही हसले. परळ जागेवर थांबलं.

सेक्रेटरी चष्मा लावून टिंबं वाचायला लागले. एका टिंबावर बोट ठेवून म्हणाले, “हे चुकलं. हे समुद्रात आहे.”

“नाय सर,” तीच मुलगी. “माझे आजोबा कामाला तिथेच जायचे.”

त्या टिंबाखाली लालबागच्या एका मुलाने विचारलं होतं, ‘तिथे गिरणीचा भोंगा ऐकू यायचा का?’ तिने उत्तर लिहिलं होतं, ‘वारा इकडून असला की यायचा. संपात बंद झाला तेव्हा आजोबांना होडीत चुकल्यासारखं वाटायचं.’

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “माझ्या काकांचं लावता येईल? डिलाईल रोडला होते.”

“लावा ना,” ती म्हणाली. “फक्त दुसऱ्याचं पुसू नका.”

त्यांचं पहिलं टिंब राणीच्या बागेत पडलं. “काका वाघ होते?” मागून कुणीतरी विचारलं. मी डोळे वटारले, पण गळ्यात हार असल्यावर डोळ्यांना कोण भितंय! दुसरं टिंब बरोबर बसलं. जाताना सेक्रेटरी मोठ्या बाईंना एवढंच म्हणाले, “फळा इथेच राहू दे.”

घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. फळा मी कसा राखला, या भागावर जरा जास्तच वेळ घेतला. बायको गवार मोडत ऐकत होती.

“फळा तुम्ही राखलात?” ती म्हणाली. “उद्या सोनं द्यायला निघालात की आधी त्या पोरीच्या घरी जा. सेक्रेटरींना मग. आणि वरळीला जाताच आहात, तर तिच्या आईला परवासाठी एक चांगली सुरमई सांगून या.”